सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर

दादा, तुझा फ्लेक्स अजून उतरवलेला नाही.

साताऱ्यात शिरताना चौकातच लटकतो आहेस. गळ्यातला हार कॉम्प्युटरवर घातलेला, मागे जांभळी आकाशगंगा, कोपऱ्यात तो विस्कटलेल्या केसांचा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग. त्यांचे चेहरे तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे आहेत. एकाने तर गॉगल लावलाय. आणि तुझ्या टाळक्यावर, पिवळ्याजर्द अक्षरांत, E = mc². जो c चा वर्ग तू तीस-बत्तीस वर्षं फळ्यावरून पुसत राहिलास, तोच तू मेल्यावर त्यांनी तुझ्या डोक्यावर ठेवला. मी गाडी बाजूला घेतली आणि बघत उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, शिसारी आली. अलीकडे मला दुसरं काही येतच नाही.

तुला आठवतं ना, पालक तक्रार घेऊन आले होते? सर चुकीचं शिकवतात, E = m लिहितात, पोराचे मार्क जातील. प्राचार्यांनी तुला केबिनमध्ये बोलावून हात जोडले. "सर, तेवढा c चा वर्ग गाळू नका, काय जातंय तुमचं?" त्यानंतर तू फळ्याचे दोन भाग करायला लागलास. डावीकडे 'बोर्डासाठी', उजवीकडे 'आपल्यासाठी'. डावीकडे ते सगळे आकडे आणि घातांक, उजवीकडे c = 1. प्रकाशाचा वेग एक. एक काय? काही नाही, नुसता एक. पोरं हसायची आणि डावीकडचं उतरवून घ्यायची.

मी तर हसायचेही नाही, भांडायचे. माझं पोटच एककांवर चालतं. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, आजूबाजूच्या कारखान्यांतले गेज आणि मायक्रोमीटर माझ्याकडे तपासायला येतात. आकड्यापुढे मिलिमीटर लिहिलं नसेल तर मी तो कागद परत पाठवते. आणि तू म्हणायचास, एककं ही आपण लावलेली भानगड आहे, निसर्गाला ती ठाऊक नाहीत. आपण रस्त्याची लांबी मीटरमध्ये मोजली आणि काळ सेकंदात, जसं कुणी शेताची लांबी हातात मोजावी आणि रुंदी फुटात. मग त्या दोघांचा मेळ घालायला एक आकडा लागतो आणि आपण त्या आकड्याची पूजा करत बसतो. दोन्ही एकाच मापाने मोज, आकडा गळून पडतो. मी म्हणायचे, दादा, हा आळस आहे. तू म्हणायचास, तुझ्या मीटरची व्याख्या वाच. मी वाचली होती. प्रकाश सेकंदाच्या अमुक इतक्या भागात जेवढं अंतर जातो तेवढा एक मीटर. म्हणजे माझा मीटरसुद्धा सेकंदावरच उभा. तो वाद तू जिंकलास, आणि जिंकल्यावर माझ्या ताटातला शेवटचा अनारसा उचललास.

या सगळ्याचं मूळ तुझ्या लग्नात आहे. माणच्या त्या उजाड माळावर वऱ्हाडाची जीप बंद पडली, मुहूर्त टळायला आला, आणि तू मुंडावळ्या सावरत खाली उतरून एका मेंढपाळाला विचारलंस, गाव किती लांब आहे. तो म्हणाला, "हितनं व्हय? दोन चिलमी." दोन चिलमी ओढून होतील एवढी वाट. सगळे वैतागले होते आणि तू एकटा खूश. बोहल्यावर उभा राहिलास तेव्हाही तू वहिनीकडे बघून हसत नव्हतास, चिलमी आठवून हसत होतास. पुढे दर वर्षी वर्गात तो मेंढपाळ यायचाच. बघा, हा माणूस अंतर काळात सांगतो, आपणही तेच करतोय, फक्त चिलमीच्या जागी प्रकाश. मी म्हणायचे, चढाला त्याची चिलीम लांबते. तू म्हणायचास, म्हणूनच प्रकाश घेतला, त्याची कुठेच लांबत नाही.

आणि तुझा तो ठरलेला टोमणा. सांगली ते सातारा प्रकाशाला सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. "वैजू, तू माझ्यापासून सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर राहतेस आणि येतेस वर्षातून एकदा, भाऊबिजेला. आपल्या मध्ये रस्ता नाही गं, वर्ष आहे." एका वर्षाचं अंतर तुझ्या मापाने कुठल्या कुठे जातं, सूर्यमालेच्याही पार बाहेर. त्यापुढे सांगली-सातारा म्हणजे काहीच नाही. मला तेव्हा तो विनोद वाटायचा.

आता खरं भांडण. ते तू अर्धं टाकून गेलास, आणि त्यासाठी मला तुझा राग येतो.

आई माझ्याकडे सांगलीला होती. घशाचा कॅन्सर, मिरजेचे हेलपाटे, शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता. चमच्याने दिलेलं पाणी ओघळून मानेवर यायचं आणि ती माझ्याकडे बघायची. ते बघणं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगितलं होतं. ती गेल्यावर तू स्वयंपाकघरात बसून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे दोन रेघा काढल्यास. आडवी रेघ जागेची, उभी काळाची. त्यात एक तिसरी वाकडीतिकडी रेघ, ती आई. वाईला जन्मली, साताऱ्यात नांदली, सांगलीत संपली. तू म्हणालास, "वैजू, रेघ संपली म्हणजे पुसली जात नाही. आपण साताऱ्यात बसलो म्हणून वाई नाहीशी होते का? तसंच हे. मागची वर्षं गेली नाहीत, ती तिथे आहेत. आपल्याला तिकडे जाणारी गाडी नाही, एवढंच."

तुला वाटलं तू मला धीर देतोयस. मी विचारलं, "मग पाणी ओघळत होतं ते? तेही तिथेच आहे?" तू आईची रेघ गिरवत बसलास. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "असणार." म्हणजे आई सुटली नाही. ती तिथे खिळलेली आहे, मान भिजवत, माझ्याकडे बघत, कायमची. मी म्हणाले, तुझी ही भूमिती मला नको, उचल ते कॅलेंडर. मला तेव्हाही किळसच आली होती, दादा. तुझ्या त्या स्वच्छ, सरळ रेघांची.

त्यानंतर प्रत्येक भाऊबिजेला जेवणं झाली, सुपारी कातरायला बसलो, की मी विचारायचे, "सापडलं का उत्तर?" एका वर्षी म्हणालास, नकाशाला काही दुखत नसतं. मी म्हटलं, नकाशाचं कोण विचारतंय, आई तिथे आहे ना, तिला दुखतंय ना? दुसऱ्या एका वर्षी तू वजाचं चिन्ह आणलंस. साध्या भूमितीत दोन अंतरांचे वर्ग बेरजेने येतात, या भूमितीत काळाचा वर्ग वजा होऊन येतो, म्हणून काळ म्हणजे नुसती आणखी एक जागा नव्हे, तो वेगळाच आहे. मी म्हटलं, तुझ्या वजाच्या चिन्हामागे आई लपत नाही. वहिनी आतून ओरडली, "सणासुदीचं काय बोलता हो दोघं." मला वाद घालायचा नव्हता. मला कुणीतरी, म्हणजे तूच, सिद्ध करून दाखवायला हवं होतं की ते पाणी आता कुठेही ओघळत नाही.

आणि गणपती विसर्जनानंतर तुझा फोन आला. "वैजू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय." मी मशीन बंद केलं. म्हटलं, सांग. तू म्हणालास, "फोनवर नको. दिवाळीला ये, समोर बसून सांगतो." मी चिडवलंही, की अडीच हजारावा भाग तर आहे, सांगून टाक. तू हसलास आणि ठेवलास.

नवरात्राच्या आत तू गेलास. दुपारी भरल्या ताटावरून उठून छातीला हात लावलास म्हणे. वहिनीचा फोन आला तेव्हा तुझा श्वास चालू होता, मी तशीच निघाले. कराडजवळ रस्त्याचं काम, वळवलेली वाहतूक, धूळ आणि हॉर्न, आणि मी एका सिमेंटच्या बल्करमागे अडकलेली. साताऱ्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आल्या आल्या लांबच्या एका आत्याने मला कवटाळून विचारलं, "त्या क्षणी तुला काही जाणवलं का गं? माझ्याकडे तर देवघरातला दिवा फडफडला." आणखी दोघींचं काय काय फडफडलं. दादा, मला काहीही जाणवलं नाही. मी बल्करच्या मागची 'सुरक्षित अंतर ठेवा' ही पाटी वाचत होते. मनात आलं, तूच शिकवलंस की दूरच्या दोन ठिकाणी 'त्याच क्षणी' याला नेमका अर्थ नसतो. तिथे आसरा घ्यावा म्हटलं. पण मी तुझी बहीण, हिशेब केलाच. कराड ते सातारा एवढ्याशा अंतरात ती सूट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीही मिळत नाही. तू मेलास तेव्हा मी पाटी वाचत होते, हे पक्कं आहे.

दहाव्याला माहुलीला घाटावर गेलो. तुला हे सगळं मान्य नव्हतं, पण वहिनीला हवं होतं, आणि तिच्यापुढे तुझंही कधी चाललं नाही. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर ढिगाने, एकही खाली येईना. मग सुरू झालं. इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवायची, म्हणजे कावळा शिवतो. वहिनीचा भाऊ नानामामा माणहून आलेला, तो मला म्हणाला, "आवं ताई, सरांच्या मनात काय तरी र्‍हायलंय बगा. कुनी तरी बोला की वो." मग जो तो बोलायला लागला. वहिनीला अंतर देणार नाही. घराचं वरचं बांधकाम पुरं करू. तुझा तो विद्यार्थी विक्रांत, ज्याचे आता साताऱ्यात आणि कराडात क्लास आहेत, तो हात जोडून पुढे झाला. "सर, तुमच्या नावाने स्पेशल बॅच काढतो." झाडावरचा एक कावळा तेवढा हलला आणि पाठ करून बसला. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

सगळे तुझी इच्छा विचारत होते. माझी कुणी विचारली नाही. मी मनात म्हणत होते, दादा, राहिलंय ते माझं राहिलंय, तू उत्तर न देता गेलायस. नानामामाने पुन्हा हटकलं, "तुमी तर सख्ख्या भैन, तुमी का गप?" मी काय सांगणार होते त्या घोळक्यात? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक गाड्यांकडे वळले. जाता जाता विक्रांतने घाटावर एक फोटो काढून घेतला. नदी मागे यावी म्हणून दोनदा जागा बदलली.

मग कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा. सूत्रसंचालन अर्थातच त्याचं. तो माईकवर म्हणाला, "सरांनीच आपल्याला शिकवलं की भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकाच वेळी असतं. काळ हा भ्रम आहे. म्हणजे सर गेलेले नाहीत. सर आत्ता इथे आहेत." टाळ्या. शोकसभेत टाळ्या, दादा. पुढच्या वक्त्याने आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं असं सांगितलं, पुन्हा टाळ्या. तू असं कधीही म्हणाला नाहीस. 'एकाच वेळी' म्हणाला नाहीस, 'इथे' तर नाहीच नाही. तू म्हणालास 'तिथे'. वाई साताऱ्यात नाही म्हणून वाई नाहीशी होत नाही, पण म्हणून ती उठून साताऱ्यात येतही नाही. आणि भ्रम हा शब्द तर तुला शिवीसारखा लागायचा. ज्या गोष्टीचा तू नकाशा काढलास तिला तू भ्रम कशाला म्हणशील?

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हणाले, "माझा भाऊ वारला. तो आत्ता इथे नाही." आणि बसले. विक्रांतने माईक घेतला. "ताई भावुक झाल्या आहेत, समजू शकतो आपण."

नंतर दारात गाठून म्हणाला, "ताई, लॅबच्या दाराशी सरांची पाटी लावायचं ठरलंय. तुमच्याकडे लेझरचं मशीन आहे ना? मजकूर तयार आहे." मजकूर मोबाईलवर दाखवला. वर E = mc², खाली 'सर गेलेले नाहीत, काळ हा केवळ भ्रम आहे'. मी हो म्हणाले. दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हो म्हणाले.

घरी येऊन बरेच दिवस त्या वाक्याशी भांडत बसले. आणि मला कळलं की मला त्याची एवढी किळस का येते. जे ऐकायला मिळावं म्हणून मी तुझ्या मागे लागले होते, तेच विक्रांतने फुकटात वाटून टाकलं होतं. काळ भ्रम, मग दुखणंही भ्रम, मरणंही भ्रम, सगळं गोड. मला ते हवं होतं, आणि समोर आलं तेव्हा तोंडात धरवेना. तुझी रेघ संपली आहे. ती जिथे संपते ती जागासुद्धा नकाशावर तितकीच पक्की आहे, ताटावरून उठलास ती. ती कुणी पुसू शकत नाही, विक्रांतही नाही.

पाटी मी केली. स्टीलची, कडा हाताने घासलेल्या. त्याचा मजकूर टाकून दिला. तुझं नाव, त्याखाली 'भौतिकशास्त्र', त्याखाली c = 1. त्या एकापुढे काहीही लिहिलं नाही. माझ्या वर्कशॉपमधून एककाशिवाय बाहेर पडलेला हा पहिला आकडा. कामगार बायका विचारत होत्या, "म्याडम, फुडं काय र्‍हायलंय का?" म्हटलं, नाही, एवढंच आहे.

परवा पाटी घेऊन साताऱ्याला गेले. दिवाळी अजून यायची आहे, पण भाऊबिजेपर्यंत थांबायला आता कारण उरलं नव्हतं. वर्षात आधीमधी आपणहून तुझ्या घरी गेले अशी ही पहिलीच वेळ, आणि तू नाहीस. कॉलेजात न जाता आधी वहिनीकडे गेले. तिने पाटी मांडीवर घेतली, त्या एकावरून बोट फिरवलं. "हे त्या चिलमीचंच ना?" म्हणाली. मी मान हलवली. मग ती पाटीकडे बघतच म्हणाली, "त्यांनी तुमचं उत्तर मला सांगितलं होतं."

मी ताठ बसले. दादा, तेवढ्या वेळात मी काय काय योजलं असेल. एखादी नवी युक्ती, एखादं नवं चिन्ह, आईला तिथून सोडवणारं काहीतरी. वहिनी म्हणाली, "म्हणाले, वैजूचं बरोबर आहे. माझ्याकडे तोड नाही. आईंचं दुखणं तिथे आहे ते आहेच, मी उगाच इतकी वर्षं पळवाटा काढल्या."

बस, एवढंच. मी बरोबर आहे. मला बरोबर ठरायचंच नव्हतं रे. तू मला खोडून काढायला हवं होतंस, अनारसा उचलायला हवा होतास, नेहमीसारखा. एवढी वर्षं वाद घातलास आणि नेमका हाच हरलास.

मी विचारलं, "मग फोनवर का नाही सांगितलं? दिवाळीपर्यंत कशाला थांबला?"

वहिनी उठली. पाटी तुझ्या खुर्चीवर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाली, "मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, समोर सांगायला हवं, आणि तेही जेवणं झाल्यावर. आधी सांगितलं तर ती जेवायची नाही, तशीच उठून सांगलीला जाईल."

तिने ताट वाढलं. पोळी, पावट्याची उसळ, भात. मी जेवले, दादा.